दोन ठकुबाई आणि दोन चांदण्या

"दुबार कोनाला बोलतोस रं? मी काय दोनदा जन्मली का?"

आजीने टेबलावर हात आपटला तशी शाईची बाटली उडाली. समोरचा मतदान अधिकारी, देवेश साहेब, बाटली धरून बसला. टेमघरच्या शाळेत महापालिकेचं मतदान चालू होतं आणि आजी दुपारी दीडपासून तिथेच अडकली होती.

"आजी, यादीत ठकुबाई रामदास भोईर दोनदा आहे. पुढे दोन चांदण्या, म्हणजे दुबार. सकाळी तुम्ही मत दिलंत. दुसऱ्या नावावर देणार नाही म्हणून अंगठापण लावलात."

"मी? सकाली मी भाकऱ्या थापत व्हते! ह्ये बघ, बोटाला शाई हाय का?"

अंगठा कोणाचा ते आम्हाला लगेच कळलं. वरच्या आळीची ठकुबाई. आडनाव भोईर, नवरापण रामदासच. साहेबाने कागद पुढे केला, तिने न विचारता अंगठा ठोकला, आणि माझ्या आजीचं मत गेलं. यादीतला फोटो बघावा तर डोक्यावर पदर आणि खाली काळा डाग.

या दोघींचं अकरा वर्षं बोलणं नाही. अकलोलीच्या लग्नाची आजीची पत्रिका वरच्या घरी गेली होती. मांडवात मानाच्या साडीला नाव पुकारलं, ही बया उठली आणि साडी घेऊन आली.

साहेब म्हणाला, "त्यांना समोर आणा. दोन बायका दिसल्या की विषय संपला."

"तिचं थोबाड मी बघनार न्हाय!"

"मग मतपण नाही."

आजीने आजवर एकही मत चुकवलेलं नाही. तिने नुसती मान हलवली, आणि माझी आई, वनिता, वरच्या आळीला धावली. सव्वापाचला वरची आली. नेसून काय आली? तीच साडी!

"बघ, मिरवतेय कशी," आजी पुटपुटली.

"मतदानाला चांगलंच नेसतात, माय," वरची म्हणाली.

साहेब खूश. "झालं! आता दोघींनी स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव सांगा, मी जबाबात लिहितो."

दोघींनी पदर तोंडाला लावला.

"बोला ना!"

"मालकाचं नाव न्हाय घेत आमी," आजी म्हणाली.

"बरं, मग एकमेकींच्या नवऱ्याचं घ्या."

"त्येच तर नाव हाय ना!" दोघी एकदम ओरडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं.

साहेबाने आईकडे बघितलं. आईने पदर ओढला. "सासऱ्यांचं मी कसं घेऊ?"

माझं डोकं फिरलं. "अरे रामदास! रामदास! तुमच्याच यादीत छापलंय!"

"तू मतदार आहेस का? वय किती?"

"सतरा."

"बाहेर हो."

मी दारापर्यंतच सरकलो. पाच पंचवीस झाले होते, साडेपाचला मतदान बंद. मागची रांग बोंबलायला लागली, "अरे जल्दी करो, शिफ्ट का टाइम हुआ!" आजोबा कशेळीच्या गोडाऊनवर ड्युटीला, त्यांना आणायचं तर ट्रॅफिकमध्येच रात्र. आजीच्या डोळ्यात पाणी आलं. मग वरची ठकुबाई तिच्या कानाशी वाकली. "अगं, उखान्यात घे की. उखान्यात चालतंय."

आजीने नाक पुसलं, पदर सारखा केला आणि पूर्ण शाळेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"टेमघरच्या शालंत उभी केली चार तास,
शाई लाव बोटाला, मालक माजे रामदास!"

रांगेने शिट्ट्या मारल्या. वरचीने लाजत एकच शब्द टाकला, "माजेबी." साहेबाने पटापट लिहिलं, शाई लावली. आजी आत गेली, बटण दाबून आली आणि पहिल्यांदा वरचीकडे तोंड करून बोलली.

"साडी ठेव तुज्याकडंच. तुला बरी दिसतेय."

त्या दिवसापासून दोघी एका ओट्यावर बसतात. मी म्हटलं, सुटलो.

पण आत्ताच गल्लीच्या तोंडाशी एक पाहुणा लग्नाच्या पत्रिका घेऊन उभा आहे आणि ओरडून विचारतोय, "ठकुबाई रामदास भोईरचं घर कुठलं?"

दोघी ओट्यावरून उठल्या आहेत. आजी काठी शोधतेय. मला निघायला लागेल.