पहिलीच गादी

गादीच्या दुकानात शिरल्या शिरल्या तिने दाराजवळच्या गादीवर बूड टेकलं आणि जाहीर केलं, "हीच."

"अगं, बाकीच्या तरी बघू की!" नवरा कळवळला.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. "हे भिंग बरं की आधीचं?" असं दिवसभर लोकांना विचारून त्याला तीच खोड जडली होती. घरात साबण ठरेपर्यंत आंघोळी खोळंबायच्या. ती शिवणकाम करणारी. कापडावर कात्री चालली की चालली, मागे बघणं नाही. लग्नही तसंच. पहिलाच मुलगा पाहिला आणि हो म्हणून मोकळी. त्याने मात्र डझनभर मुली पाहिल्या होत्या. त्यांतली एखादी अजून याला आठवत असेल का, ही टाचणी तिच्या मनात तेव्हापासून टोचत होती.

तो एकेका गादीवर आडवा होऊ लागला. कुशीवर वळताना टोचतो म्हणून चष्मा काढून ठेवला आणि कुठे ठेवला ते विसरला. आता त्याला बायको आणि कपाट यांतला फरक कळेना. चाचपडत तो एका गादीवर पहुडला, तर शेजारी कुणीतरी निळं होतं. बायकोची साडी निळी, म्हणजे बायकोच.

"रागावलीस?"

निळं पाठ फिरवून वळलं.

"खरं सांगू? काहीही घेतलं की मला वाटतं, दुसरं बरं होतं. चपला, पंखा, हा अंगातला शर्टसुद्धा. एका तुझ्याच बाबतीत कधी नाही वाटलं बघ. मी आपला विचार करत बसलो होतो, तेवढ्यात तूच ठरवून टाकलंस. सुटलो एकदाचा!"

"आभारी आहे," निळ्यातून घोगरा आवाज आला. "पण माझं लग्न झालंय हो."

निळा शर्ट घातलेले ते मिशाळ गृहस्थ उठून बसले. दुकानभर हशा पिकला. ती पायथ्याशी चष्मा घेऊन उभी होती, कधीची कोण जाणे. तो नवऱ्याच्या नाकावर बसवताना तिचा हात कानापाशी उगाच रेंगाळला.

"मग? कुठली घ्यायची?"

"तू म्हणालीस तीच!" म्हणत तो तडक पैसे भरून आला. बघतो तर बायको दुसऱ्याच गादीवर डोळे मिटून आरामात पसरलेली.

"अगं, हे काय?"

"काही नाही हो. पहिल्यालाच हो म्हटलं की दुसरं कसं असतं ते कळतच नाही कधी."

"गादीबद्दलच बोलतेयस ना तू?"

तिने एक डोळा उघडला, कूस बदलली आणि तिसऱ्या गादीकडे बघत म्हणाली, "बाकीच्या तरी बघू की!"