खोकल्याची फत्ते

श्रीदेवास स्मरून अल्पमती लेखक अर्ज करितो जे, आचरे मुलखीचे भजनसम्राट सत्यवानबुवा, पहाडी आवाजाचे धनी, यांजवर जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत लिहितो. चुकल्यास नवल नाही, लेखकाची हयात चुकण्यातच गेली.

बुवांनी भजनासाठी नवा गजर बांधिला. तालमीस लेखक कोपऱ्यात पायपुसण्याशेजारी बसत असे. तेथे कोणा इसमाने गजर मोबाइलात टिपून गटांत सोडिला, मग त्या गजराने कट्टा गावचा बाजार सर केला आणि रेडी बंदर गाठिले, आणि तो घरोघर फुकट वाजू लागला. ऐन समेवर लेखकाचा खोकला त्यात कैद जाहला होता; मुलखाने तोही गजराचाच भाग मानून पाठ केला. बुवांची कीर्ती वाढली आणि बोलावणी सरली. मग बुवा पेटी विकावयाचे बोलू लागले.

इतक्यात देवळाच्या उत्सवाचे मुखत्यार सिद्धेशराव यांनी फर्माविले की, यंदा बुवांस न बोलाविता लिनो स्पीकरवाले यांजकरवी गजर वाजवावा.

"बुवा कशाक व्हयो? ह्यो बघा, खिशात आसा!"

लेखकाने ग्रंथ धुंडाळून बुवांच्या बाजूने भाषण रचिले आणि देवळावर स्वारी केली. बैठक पाहताच धीर सुटून दारातूनच पळ काढिला, परंतु पायी दुसऱ्याच्या चपला निघाल्या, आणि परतणे प्राप्त जाहले. मग अवघ्या सभेची नजर वळली, आणि भाषणाचा पहिला शब्द फुटण्याआधी खोकला सुटला.

सभेत बसलेल्या नर्मदाकाकी ओरडल्या, "गो बाय माझे! गजरातलो खोकलो तो ह्योच!"

लिनो लेखकास म्हणाले, "तात्यानू, परत एकदा खोका. माझ्या स्पीकरात इतको बरो येणा नाय."

हशा उसळला. तो ओसरण्याआधीच काकी कडाडल्या, "खोकलो जितो आणि बुवा डब्यात? लाज आसा काय रे सिद्धेशा?"

सिद्धेशराव मान खाली घालून हुकूम फिरविते जाहले: बुवांनी खुद्द यावे, खोकल्यासह.

उत्सवाचे दिवशी बुवांनी गजर चढविला, आणि समेवर येऊन लेखकाकडे पाहिले. भयाने खोकला गळ्यातच गडप जाहला. मग अवघा सभामंडप एकदम खोकला, लिनोसुद्धा, आणि बुवा हसले, आणि कोणाच्याही मोबाइलात नाही असा अंतरा जागीच रचून गाते जाहले. तत्क्षणी मोबाइल उंचावले. उद्या हाही रेडी गाठील हे बुवांस ठाऊक होते, तरी गाइले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पेटीची विक्री तहकूब. लेखकाच्या स्वतःच्या चपलांचा शोध जारी आहे.