युसूफभाई आणि नऊ मेलेले कॉम्प्युटर

आमच्या युसूफभाईंसमोर कोणी पासवर्ड टाकायला लागलं, की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. नुसती मान वळवत नाहीत. गृहपाठ न केलेल्या पोरासारखे हात मागे बांधून पूर्ण वळतात आणि म्हणतात, "टाका, टाका, मी देखत नही." समोरचा पासवर्ड विसरला, तर दहा मिनिटं भिंत बघत राहतात.

शहाद्याच्या बसस्टँडजवळ एटीएमबाहेर एकदा त्यांनी अख्खी रांग अशी फिरवली होती. आत एक म्हातारी पैसे काढत होती. ती बाहेर आली, तर सात-आठ बाप्ये तिच्याकडे पाठ करून खाली मान घालून उभे. तिला वाटलं, कोणीतरी वारलं. तीही पदर सावरून पाच मिनिटं उभी राहिली.

मी शहाद्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात लॅबमध्ये आहे. रक्त काढते, तपासते, रिपोर्ट देते. युसूफभाई आमचे कॉम्प्युटरवाले. जात पिंजाऱ्याची, वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. घरात हिंदी, बाजारात अहिराणी, आणि अर्ज लिहायला बसले की अशी मराठी, की वाचणाऱ्याने आधी पाणी प्यावं. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की' यापलीकडे आमचे सेक्रेटरी अप्पासाहेब कधी वाचतच नसत.

कागदाचं तर त्यांना वेडच होतं. रिपोर्ट चुकून दोनदा छापला गेला, की जादाचा कागद ते उभा फाडत, आडवा फाडत, मग तुकडे पाण्यात भिजवून त्यांचा गोळा करत. भजी घेतली तर आधी कागद वाचत, मग भजी खात. एकदा त्यात कोण्या शाळेची मुलांच्या नावांची यादी निघाली. युसूफभाईंनी गाडीवाल्याकडची सगळी रद्दी उचलून आणली आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत केळीच्या पानावर भजी विकत बसला.

आम्ही हसायचो. मीसुद्धा.

पण त्या वेडाला एक जागा होती. दवाखान्याच्या मागच्या बाजूला समुपदेशनाची खोली होती. एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला माणसं तिथे यायची. मोलगीकडच्या डोंगरातून जास्त, कारण महिन्यातून एकदा आमचं शिबिर तिकडे जायचं. शिबिरात टेबलावर युसूफभाई बसत. येणाऱ्याला नाव न घेता नंबर देत. रक्ताच्या बाटलीवर नंबर, रिपोर्टवर नंबर. मला लॅबमध्ये फक्त नंबर दिसायचा. कोणत्या नंबरामागे कोण, कोणत्या गावची, नवऱ्याला ठाऊक आहे की नाही, हे एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं आणि तो त्या खोलीत होता.

मग देणगी आटली, शिबिर बंद झालं, खोली बंद झाली. पुढे दवाखान्याला नवे कॉम्प्युटर मिळाले आणि जुने नऊ मागच्या गोदामात गेले. त्यांत समुपदेशनाच्या खोलीतलाही.

युसूफभाईंचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक मशीन उघडायचं, हार्ड डिस्क काढायची, तिला ड्रिलने आरपार भोकं पाडायची, आतली चकती मोडायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच डबडं भंगारात द्यायचं.

अप्पासाहेब म्हणाले, "अरे, मेलीत ती, चालूच होत नाहीत. त्यात काय राह्यलंय?"

"अप्पा, मरेल मानूस बोलत नही. मरेल कंप्युटर बोलस."

"आणि मी सगळं डिलीट करून दिलंय."

"डिलीट म्हणजे पुस्तकातली अनुक्रमणिका फाडनं. धडा पुस्तकमा तठेच राहस."

इथवर ठीक होतं. पण युसूफभाईंना पुरावा द्यायची हौस. अप्पासाहेबांचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर त्यात होता. त्याची डिस्क काढून त्यांनी दुसऱ्या मशीनला जोडली आणि दोन तासांत डिलीट केलेल्या फायली वर आणल्या. ऑफिसात आम्ही पाच-सहा जण होतो. पहिलीच फाईल उघडली ती अप्पासाहेबांच्या भाषणाची. नगरपालिकेच्या निवडणुकीतल्या विजयाचं भाषण होतं. 'आज तुम्ही माझ्या गळ्यात घातलेला हा हार' असं सुरू होत होतं. अप्पासाहेब त्या निवडणुकीत पडले होते, हे शहाद्यात शेंबड्या पोरालाही माहीत.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. अप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बंद करा ते."

त्या दिवसापासून युसूफभाईंचा एकही अर्ज पुढे सरकला नाही. त्यांनी अकरा अर्ज केले. ड्रिल मशीन स्वतःचं आणलं, तर 'दवाखान्यात आवाज नको' असा शेरा आला. गोदामाला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं आणि चावी गळ्यात ताईताबरोबर घातली.

मग नवापूरला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. बहीण विधवा, मामाच सगळं. दोन दिवसांची रजा त्यांनी घेतली, बारा वर्षांतली पहिली.

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब माझ्या खिडकीशी आले. गोदामाच्या जागी व्यायामोपचाराचा हॉल करायचा होता, पाहुणे यायचे होते. हातात एक कागद होता.

"ताई, इथं एक सही. साक्षीदार म्हणून."

माझ्यासमोर रक्ताच्या चौदा बाटल्या होत्या. मशीन चालू होतं. मी सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. कुलूप तोडल्याचा आवाज मला ऐकू आला होता. तो मी ऐकला आणि बाटल्या मोजत राहिले.

युसूफभाई परतले ते लाडवांचा डबा घेऊन. हाताला मेंदी लागली होती. भाचीने हट्टाने लावली म्हणाले. सगळ्यांना लाडू वाटत वाटत मागे गेले. मी लॅबमधून बघत होते. गोदामाचं दार उघडं होतं, आत फरशी पुसलेली, भिंतीला नवा चुना. ते उंबऱ्यातच बसले. लाडवांचा डबा मांडीवर.

"कथा गयात त्या?" कुठे गेले, एवढंच विचारलं. कोणाला विचारलं, ते मला कळलं नाही. उत्तर मीच दिलं. "भंगारवाल्याकडे."

आम्ही माझ्या स्कूटीवर गेलो. भंगारवाल्याच्या अंगणात आमची नऊ डबडी भिंतीला लावून ठेवलेली होती. युसूफभाईंनी एकेक उघडलं. नऊच्या नऊ आतून रिकामी.

"डिस्का होय? त्या आधी निघतात," भंगारवाला म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याने आम्हाला बसायला खुर्ची दिली. "चांगल्या होत्या. सुरतचा माणूस येतो, पोतं भरून नेतो. पुसून पुन्हा विकतात."

"पुसतात का पण?"

"ते मला काय ठाऊक, भाई?"

पुढचे तीन रविवार युसूफभाई एसटीने सुरतला गेले. त्या माणसाचं दुकान सापडलं. दुकान कसलं, डिस्कांचा ढीग, कमरेएवढा. आमच्या डिस्कांचे नंबर त्यांच्या वहीत होते. तीन रविवार ते ढिगात बसून एकेक डिस्क उचलून नंबर ताडून बघत होते. तिसऱ्या रविवारी दुकानदार कंटाळला आणि म्हणाला, विकत घ्या नाहीतर उठा.

सोमवारी ते दवाखान्यात पिशवी घेऊन आले. पिशवीत चाळीस डिस्का. मी आनंदाने उठलेच.

"आपल्या सापडल्या?"

"एक बी नही."

"मग या कोणाच्या?"

"कोन्या तरी शेतस ना, ताई," ते म्हणाले. आणि घरून आणलेल्या ड्रिलने त्यांनी मागच्या आवारात त्या चाळीसही डिस्का भोकं पाडून मोडल्या. कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाचे दुकानाचे हिशेब, कोणाची पत्रं, काही न बघता. दुपारभर तो आवाज चालू होता. या वेळी 'दवाखान्यात आवाज नको' असं कोणी म्हणालं नाही.

त्यानंतर ते अप्पासाहेबांकडे गेले. मीही गेले. युसूफभाई म्हणाले, ज्यांची नावं गेली त्यांना कळवायला पाहिजे.

अप्पासाहेब म्हणाले, "कसं कळवणार? पत्र पाठवणार? गावात पत्र कोण वाचतं ते माहीत आहे ना? फोन करणार? तो नवरा उचलेल. घरी जाणार? दवाखान्याचा माणूस त्याच बाईच्या दारात का आला, असं गाव विचारेल. तुमच्या कळवण्यानेच कळेल, युसूफभाई. गप्प बसा. डिस्क कुठेतरी पडली असेल. काही होणार नाही."

मला अप्पासाहेबांचा रागच यायला हवा होता. पण ते बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. युसूफभाईंनाही ते कळलं असावं. ते उठले.

दोन महिन्यांनी कोणीतरी मला सांगितलं, तुमचे युसूफभाई मोलगीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करत बसतात. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पुढच्या बाजारी मी त्यांच्याबरोबर निघाले. जीप गच्च भरलेली. आमच्या पायात कोंबड्या. घाट चढताना मला राहवलं नाही. म्हटलं, "युसूफभाई, कॉम्प्युटर भंगारात दिल्याच्या त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे."

"माहीत शे."

"मग बोलला का नाहीत?"

ते बाहेर बघत राहिले. "दोन दिन मी हासनू, ताई. तठे, लगीनमा. पोट धरीसन हासनू. तुम्ही तं काम करी ऱ्हायनात." मग म्हणाले, "भाची बोलावते. मी जात नही आता."

बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांनी फडकं अंथरलं. त्यावर स्क्रू-ड्रायव्हर, जुन्या बॅटऱ्या, काचा. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'मोबाईल दुरुस्ती'. मला तेव्हा उमगलं. मोबाईलवाल्याशी कोणतीही बाई भर बाजारात पाच मिनिटं बोलू शकते. कोणी विचारत नाही. शिबिरातल्या टेबलामागचं तोंड तिच्या ओळखीचं होतं; ओळख द्यायची की नाही, ते तिने ठरवायचं. ते कोणाला हाक मारणार नव्हते.

दुपारपर्यंत खरेच बिघडलेले मोबाईल आले. भेंडी विकणारा आला, जीपवाला आला. एकाच्या फोनमध्ये चटणी सांडली होती.

मग एक बाई आली. पस्तिशीची असेल, डोक्यावर मिठाची पिशवी. ती आधी दोनदा पुढून गेली होती. तिने फोन पुढे केला. फोन चांगला चालू होता. युसूफभाईंनी तो उघडला आणि मान खाली ठेवून बोलायला लागले, बॅटरीबद्दल बोलावं तशा आवाजात.

"बाई, तुम्ही आमच्याकडे आल्या होत्या. तुमचं नाव आम्ही सांभाळायला पाहिजे होतं. ते आमच्याकडून बाहेर गेलं. कुठे गेलं, माहीत नाही. चूक आमची. कोणाचा फोन आला, कोणी धमकी दिली, तर घाबरू नका. गोळ्या बंद करू नका. मला सांगा."

तिला मराठी कळत होती. मिठाची पिशवी तिने खाली ठेवली.

"नवऱ्याला कळेल?"

"माहीत नाही, बाई."

"मग सांगितलं कशाला?" ती ओरडली नाही. ओरडता येणार नव्हतं, बाजार होता. "मला झोप लागत होती. इतकी वर्षं लागत होती. आज रात्री कशी लागेल?"

युसूफभाईंनी फोन बंद केला, फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिने फोन घेतला. पिशवी डोक्यावर ठेवली. चार पावलं गेली आणि परत आली.

"पुढच्या बाजारी बसशील?"

"बसेन."

"बस," ती म्हणाली. "हे दुसऱ्या कोणाशी बोलू मी?"

ती गर्दीत गेली. जीपवाला शहाद्याच्या नावाने ओरडत होता. मी उठले, युसूफभाईंचं सामान गोळा करायला वाकले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. बाजार अजून उठला नव्हता. पलीकडे मिरच्यांच्या ढिगाजवळ एक म्हातारा हातात मोबाईल घेऊन कधीचा उभा होता. तो आमच्याकडे बघत होता, पण पुढे येत नव्हता.

"तुम्ही जा, ताई," युसूफभाई म्हणाले आणि फडक्यावरची जागा हाताने साफ करू लागले.