पुतळाबाईंचा डबा

दहावा झाला आणि धुरपदा आत्यांनी शेजाऱ्यांचे डबे परत पाठवायला काढले. आप्पा गेल्यापासून घरात चूल पेटली नव्हती; राहू गावच्या आळीतून रोज कुणाची तरी पिठलं-भाकरी यायची. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं, त्यामुळे चूक व्हायचं कारण नव्हतं. फडताळावरचा शेवटचा डबा आत्यांनी उचलून पाहिला. हलका होता. नाव होतं, पुतळाबाई.

आप्पांची लेक नीलम आत आली तेव्हा फडताळ मोकळं होतं.

"आत्या, इथला डबा?"

"ज्याचा त्याला धाडला की. रिकामाच व्हता."

रिकामा नव्हता. त्यात तिच्या वडिलांचे भुंगेरे होते. गाजरगवत खाणारे हे किडे आप्पांनी दौंडच्या रेल्वे लायनीच्या कडेने वेचून आणले होते, बांधावर सोडायला. शेजारच्या पुतळाबाईंकडून सणाला आलेला पुरणपोळ्यांचा डबा ठेवून घेऊन त्याच्या झाकणाला खिळ्याने दोन भोकंही पाडली होती. "पाऊस उघडला की सोडू," म्हणाले होते. पाऊस उघडला, तेव्हा ते नव्हते. नीलम रोज सकाळी डब्यात ताजा पाला घालायची आणि सोडायचं उद्यावर ढकलायची.

ती धावत शेजारी पोचायच्या आत किंकाळी ऐकू आली.

"सुतकाच्या घरचा डबा रिता यावा, का असा भरून?" पुतळाबाई पाटावर उभ्या होत्या. भाताच्या पातेल्यावर पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे फिरत होते. "आन् माझ्या झाकणाला भोकं कुणी पाडली?"

"आप्पांनी."

"वाटलंच! म्हस्कू, पंप आण!"

त्यांचा मुलगा म्हस्कू फवारणीचा पंप पाठीला लावूनच आला.

"मावशी, मारू नका. ते गाजरगवतच खातात फक्त."

"मंग माझ्या भातात काय गाजरगवत हाय?"

नीलमला दहा दिवस न आलेलं रडू तेवढ्यात आलं. म्हस्कूने पंप खाली ठेवला. पुतळाबाई पाटावरून उतरल्या, केरसुणी घेतली आणि सगळे भुंगेरे मागच्या दारानं परसात लोटले.

"रडू नगं. मारलं न्हाई मी. हाकललंय नुसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलमने सवयीनं पाला तोडला आणि तो हातात धरून रिकाम्या फडताळापुढे उभी राहिली.

गणपती विसर्जनानंतर पुतळाबाई दारात आल्या. त्यांच्या परसातल्या गाजरगवताच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. आप्पांच्या बांधावर मात्र ते कमरेएवढं, पांढऱ्या फुलांनी डोलत होतं.

"जल्मभर बांधावरनं भांडला तुझा बाप," त्या म्हणाल्या, "आन् काम करून गेला माझं." त्यांनी पदराखालून तोच डबा काढला. "घे. रिकामा कसा आणू?"

आत पाला सळसळला. नीलमने झाकणावरून बोट फिरवलं. आप्पांची दोन भोकं होती. त्यांच्याभोवती आणखी चार, नवी, जरा वाकडीतिकडी.

"दोन भोकांत गुदमरत्यात गं ती," पुतळाबाई म्हणाल्या.