दहापर्यंत मोजा

किन्हवलीच्या फाट्यावर पंढरीशेटचं दुकान. दुकानात साबण, सुकट, बॅटरीचे सेल आणि एक फोन. फोन साधासुधा नव्हता. बटण दाबलं की पलीकडचा आवाज थेट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. पंढरीशेटचा आवाज बटण न दाबताही तिथवर जायचा, ती गोष्ट वेगळी.

"माझ्या फोनवर हरेशला मागायला शिकवून दाखवतो," शेटनं २००४ च्या गणपतीतच जाहीर करून टाकलं होतं. "दिवाळीपर्यंत. नाय शिकला तर मी बोलायचं सोडीन." ही धमकी ऐकून निम्मी वाडी दिवाळीची वाट बघायला लागली.

हरेश हा दुकानामागच्या वाडीतल्या गिरजाचा मुलगा. वय साडेतीन. ऐकू नीट यायचं, समजायचंही. पण बोलत नसे, बोट दाखवत नसे, काही मागतच नसे. शहापूरच्या शिबिरात, न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या ठाण्याच्या कविता मॅडमनी त्याला तपासलं होतं. दर आठवड्याला ठाणं गाठायचं तर गिरजाची मजुरी बुडणार. म्हणून बुधवारी अकराच्या ठोक्याला मॅडमच दुकानात फोन करायच्या आणि घरी काय करून घ्यायचं ते सांगायच्या.

गिरजाचं म्हणणं एकच होतं. पहिल्याच फोनवर ती म्हणाली, "मॅडम, दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जाणार. मी दिसभर चिखलात, हा झोपडीत. तान लागली तर याला सांगता येत नाय. पाणी तेवढं मागायला शिकवा."

मॅडमनी रीत सांगितली. त्याला हवी ती वस्तू हातात धरायची, त्याच्याकडे बघायचं, गप्प राहायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. त्यानं हात पुढे केला, आवाज काढला, काहीही केलं की लगेच द्यायची. काहीच केलं नाही तरी दहा झाल्यावर द्यायची, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. "आणि मुख्य म्हणजे, त्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य शेटला ऐकू आलं नाही, कारण तेव्हा तो "कळलं, कळलं" म्हणत होता.

वाडीत पोर कुणा एकाचं नसतं. हरेश ज्या दारात जाऊन बसेल तिथं न विचारता त्याच्या हातावर काहीतरी पडायचं. शेटनं त्याच संध्याकाळी दारोदार फिरून बजावलं, "आजपासून हरेशला कुणी आयतं काय द्यायचं नाय. धरायचं, बघायचं, मोजायचं."

वाडीनं हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई काकडी घेऊन आली, रंगू कोंबडीचं पिल्लू घेऊन आली, कुणी पेरू आणला, कुणी शिट्टी. नऊ माणसं हरेशभोवती हात पुढे करून, डोळे वटारून, अवाक्षर न काढता उभी राहिली. त्याच्या आजीला, सकुबाईला, मोजता येत नव्हतं. तिनं आपल्या वाटचं मोजायला शेजारीण आणली होती. हरेशनं एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि तो बाजेखाली शिरला. त्या दिवशी भात कापायला कुणीच वेळेवर गेलं नाही.

सकुबाईला तर हा नियम सगळ्या घराचाच वाटला. दुपारी हरेशच्या बापानं, बुधूनं, भाकरी मागितली, तर ती टोपली धरून त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"अगो आये, मागितली ना मी?"

"दहा होऊ दे," सकुबाई म्हणाली.

पुढच्या बुधवारी मॅडमनी हे ऐकलं आणि बजावलं, की एका वेळी एकच माणूस आणि एकच वस्तू. मग विचारलं, "पाणी मागितलं का त्यानं?"

"सहा वेळा," शेट म्हणाला.

"अरे वा. कसं मागितलं?"

"मी म्हटलं, पाणी पायजे ना रे तुला? तो नाय म्हणाला नाय."

"शेट, म्हणजे मागितलं कुणी?"

गिरजाला आता राहवेना. "मॅडम, मी घरात मोजाय बसते. तीनपर्यंत जात नाय तवर खिडकीतनं शेटचा आवाज येतो, दे गो त्याला पाणी."

असे पाच बुधवार गेले. दिवाळीही सरली. गुरुवारी भट्टीची गाडी येणार होती, म्हणून हा बुधवार शेवटचा. गिरजा हरेशला आणि त्याचा रोजचा पितळी पेला घेऊन दुकानात आली. तांब्यातून पेला भरून तिनं हरेशला दिसेल असा फळीवर ठेवला. बाकी सगळ्यांना बाहेर घालवलं होतं. शेटला घालवता येईना, दुकान त्याचं होतं.

"शेट, आज एक शब्द नको," फोनमधून मॅडम म्हणाल्या.

"मी कधी बोलतो?" शेट म्हणाला.

गिरजा मोजू लागली. हरेश पेल्याकडे बघत होता, पण हलत नव्हता. तीनला शेटचे ओठ थरथरले. पाचला तोंडातून "पा" निसटलं. गिरजानं असं बघितलं की शेट घाबरला. आपण आता बोलणार हे त्याला कळून चुकलं. तोंड बंद करायला हाताला येईल ते उचलून त्यानं तोंडात ओतलं. हाताला आला हरेशचा पेला.

हरेश बघतच राहिला. आजवर जो तो त्याला काहीतरी देत आला होता. त्याचं घेतलं कुणीच नव्हतं. त्याचा पेला, त्याचं पाणी, आणि ते आता शेटच्या गालांत. तो तरातरा पुढे आला, दोन्ही हातांनी पेला ओढून घेतला, आत वाकून बघितलं आणि आईपुढे धरला.

"आं," तो म्हणाला. गिरजा जागची हलेना, तेव्हा पेला तिच्या पोटावर टेकवून पुन्हा म्हणाला, "आं."

गिरजानं तांब्यातलं पाणी ओतलं. निम्मं पेल्यात पडलं, निम्मं पदरावर. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"हॅलो? कोण बोललं? शेट?" मॅडम विचारत होत्या. शेटजवळ आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी होती आणि तोंड पाण्यानं गच्च भरलेलं होतं. थुंकावं तर समोर साखरेचं पोतं. गिळावं तर ठसका. तो नुसतेच हातवारे करत राहिला.

"हरेशनं पाणी मागितलं, मॅडम," गिरजा म्हणाली. "त्यानं स्वतः. शेट गप होते."

"शेट गप्प होते?" मॅडमना नेमकं कशाचं नवल वाटलं, ते फोनवर कळलं नाही.

गुरुवारी वाडी गाडीत चढली. शेट बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि हरेशसमोर धरून उभा राहिला. ओठ घट्ट मिटलेले, मान लाल झालेली. हरेशनं त्याच्याकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं आणि हळूच हात पुढे केला. शेटनं पुडा दिला आणि डोळे पुसले.

"गिरजे," तो म्हणाला, "आता बोलू का मी?"

"दहा होऊ दे, शेट," गिरजा म्हणाली, आणि गाडी सुटली.