मामा बायपासला हायेत!

आधीच सांगून ठेवते, आमच्या वाडीत माझ्या परवानगीशिवाय कुणाला आजारी पडता येत नाही! मी धनश्री, मिरजगावजवळच्या आमच्या वाडीची आशाताई. कुणाचं आयुष्मान कार्ड निघालंय, कुणाच्या आधारला मोबाईल जोडायचा राहिलाय, कोणत्या बाईला कितवा महिना चाललाय, सगळं मला तोंडपाठ! योजनेतून मोतीबिंदू काढून आणलेली म्हातारी माणसं मला लांबूनच रामराम घालतात. आता त्यांना लांबचं दिसतं ना!

त्यामुळं माझ्याच सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी अजिबात घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, घाबरले. पण दाखवलं नाही. भिमाजी त्यांचं नाव, मी त्यांना मामा म्हणते, त्यांचा मुलगा आप्पा म्हणतो. सून दारोदार हिंडते म्हणून भावकी कुजबुजायला लागली, तेव्हा भर ओट्यावर मामा म्हणाले होते, "हिंडंना का! पाय तिचे हायेत, तुमचं काय दुखतंय?" तेव्हापासून मामा म्हणजे माझा जीव.

मामांना नगरला नेलं. पहिल्या दवाखान्यात तपासणी झाली आणि ऑपरेशनसाठी योजनेतल्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान गोरक्ष, रानातला कांदा पावसात जायला नको म्हणून आदल्या संध्याकाळीच वाडीला निघाले. मी म्हटलं, "तुम्ही बिनघोर जा! सकाळी अँब्युलन्सनं मामांना हलवते, पुढचं सगळं मी बघते. तुम्ही फक्त फोन उचला."

तर सकाळी मामांना हलवलं. नव्या दवाखान्यात योजनेच्या टेबलावर मोनिका नावाची आरोग्यमित्र होती. पेशंटची मंजुरी आणण्यापासून त्याला घरी पोचवेपर्यंत सगळा पाठपुरावा करायचा, हे तिचं काम. पोरगी चुणचुणीत! तासाभरात मंजुरीचं मार्गी लावून माझ्याकडं आली.

"ताई, डॉक्टर दोन वाजता बायपासला घेतो म्हणतायत. पण त्याआधी चार रक्तदाते हवेत. पेढीत रक्त कमी आहे, त्याशिवाय डॉक्टर पेशंटला आत घेणार नाहीत. आज राहिलं तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही."

"चार? चाळीस आणते!" मी म्हटलं आणि ह्यांना फोन लावला.

फोनवर मी फार बोलत नाही. आमचं सगळं काम फोनवर, लांबण लावली की बॅटरी संपते. थोडक्यात ऑर्डर द्यायची आणि ठेवायचा.

"अहो, मामांना बायपासला घेतायत!"

"काय?" मागं ट्रॅक्टर धडधडत होता.

"बायपासला! रक्त लागनार हाय. धडधाकट पोरं घ्या आन् निघा. दोनच्या आत!"

"आगं पन झालं कसं?"

"कसं म्हंजी? तीन ठिकानी ब्लॉक हाय!"

"तीन ठिकानी? मंग आमी यायचं कसं?"

"या कसंबी! डाव्या बाजूला जास्ती हाय म्हनं."

"आप्पा... शुद्धीवर हायेत का?"

"हायेत की, च्या मागत्यात. ठेवते!"

काय सुरेख ऑर्डर दिली! मी स्वतःवरच खूश झाले.

आता तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगायला हवं. नगरच्या माणसाला बायपास म्हटलं की एकच गोष्ट कळते. शहराला बाहेरून वळसा घालून जाणारा रस्ता! ट्रक, टँकर, उसाच्या डबल ट्रॉल्या, सगळं त्यावरून. सकाळी अँब्युलन्समधून निघालेला बाप बायपासला आहे, रक्त लागणार आहे, तीन ठिकाणी रस्ता ब्लॉक आहे, असं ऐकल्यावर पोराच्या डोळ्यांपुढं काळीज कशाला येईल? पलटी झालेली अँब्युलन्सच येणार! पण हे मला तेव्हा कुठं सुचायला? मी फोन पिशवीत टाकला, पिशवी बाहेर बाकड्यावर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि मोनिकाबरोबर आत गेले.

आत मामांचा अंगठा योजनेच्या मशीनवर उमटेना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, गुळगुळीत झालेला! पुसला, चोळला, फुंकर मारली, मग एकदाचा उमटला. मामांचं अंग घामानं थबथबलं होतं. ओठ काळे पडले होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"धनश्री, माझं काय खरं न्हाई वाटतं."

"काहीतरीच! घटकाभरात पोरं येत्यात बघा."

म्हटलं खरं, पण घड्याळ पुढं पळत होतं आणि पोरांचा पत्ता नव्हता. मोनिका येऊन विचारायची, "ताई, दाते?" मी म्हणायचे, "निघालेत!" पुन्हा यायची, "ताई, दाते?" मी म्हणायचे, "पोचतातच!" मग स्वतः डॉक्टरच बाहेर आले.

"मावशी, थांबायची परिस्थिती नाही हो. दातेच नसतील तर मला दुसरा पेशंट आत घ्यावा लागेल."

म्हटलं, मरू दे, आपलं रक्त तर आहे! तरातरा रक्तपेढीत गेले आणि दंड पुढं केला. तिथल्या ताईनं बोटाला टोचून एक थेंब घेतला, मशीनवर ठेवला आणि मला खालवर न्याहाळलं.

"हिमोग्लोबिन नऊ आहे तुमचं! तुमच्या गावात आशाताई नाही का? लोहाच्या गोळ्या फुकट वाटतात त्या."

"आहे एक," म्हटलं, "पण फार हिंडते."

धावत बाकड्यापाशी आले. सासूबाई रंगुबाई डोळे मिटून खंडोबाचा धावा करत बसल्या होत्या.

"आत्याबाई, फोन वाजला हुता का?"

"वाजला हुता? मेला सारखा बोंबलत हुता! दर बारीला लाल दाबलं, तवा गप झाला."

देवा रे! मिस्ड कॉलची ही रांग लागलेली! लगेच ह्यांना फोन लावला.

"कुठं हायेत तुमी?"

"बायपासला! तूच म्हनली न्हवं!" ह्यांचा आवाज रडवेला झालेला. "दोन फेऱ्या मारल्या धने! डावी बाजू सगळी धुंडाळली. भावकीतला कानिफनाथ रस्त्याकडंच्या चरांत उतरून बघतोय. एक टँकर पलटी झालाय, पन दुधाचा हाय. आप्पा कुठंच न्हाईत गं!"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

"अहो, बायपास म्हंजी रस्ता न्हवं! ऑपरेशन! मामा दवाखान्यात हायेत, खाटंवर!"

पलीकडून हुंदका ऐकू आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. मलाही भरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणाला माणूस असा कडाडला की फोन कानापासून लांब धरावा लागला!

"आगं मराठीत सांगाया काय धाड भरली हुती तुला? आन् ते ब्लॉक?"

"ते काळजातले हायेत! निघा आता, निघा!"

"कसं निघू? हवालदार सोडंना! आमी तीन अँब्युलन्सा आडवून आत डोकावलं म्हनून आमालाच धरलंय!"

"द्या त्यांच्याकडं!"

हवालदारांचा आवाज चांगलाच तापलेला होता. "कोण बोलतंय? अहो बाई, ही तुमची माणसं टेम्पो आडवा घालून अँब्युलन्सची दारं उघडतायत! काय प्रकार आहे हा?"

"साहेब, पाया पडते, सोडा त्यांना. ती रक्त द्यायला निघाल्यात."

"कशाला?"

"बायपासला!"

"मग बायपासलाच उभी आहेत की!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आजूबाजूच्या बाकड्यांवरची माणसं माझ्याकडं बघायला लागली होती. मी ओरडले, "काळजाच्या! काळजाच्या ऑपरेशनला हो साहेब! माझा सासरा आत मरायला टेकलाय!"

आत्याबाईंनी 'मरायला टेकलाय' तेवढंच ऐकलं आणि असा गळा काढला की दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. त्यांना परत धाडेपर्यंत हवालदारांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. माणूस भला निघाला! स्वतःची मोटारसायकल पुढं घातली आणि आमचा टेम्पो गर्दीतून वाट काढत दवाखान्याच्या दारात आणून सोडला.

टेम्पोतून अर्धी वाडी उतरली. चिखलानं माखलेली, गवताच्या कुसळांनी भरलेली. कानिफनाथच्या अंगावर तर दूध सांडलेलं! डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं, मग त्या पलटणीकडं बघितलं आणि म्हणाले, "लवकर तपासा ह्यांना."

पहिल्याचा बीपी वाढलेला, बायपास धुंडाळून दुसरं काय होणार? दुसऱ्यानं सकाळीच अंगदुखीची गोळी घेतलेली. हर्षल तालमीतला गडी, दंड कसले बेडकुळ्या आलेले! सुई बघितली आणि ओंडक्यासारखा आडवा झाला! असं करत करत तीन जण पास झाले. चौथा मिळेना. दोन वाजायला टेकले. तेवढ्यात दारात उभे असलेले हवालदार टोपी काढून पुढं आले.

"माझं घ्या. नाहीतरी तुमच्यामुळं आज माझं रक्त आटलंच आहे."

मामांना आत नेलं. दार लागलं. नंतर आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो. कुणी तंबाखूसुद्धा मळत नव्हतं. दिवे लागायच्या वेळेला डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली केली आणि हसले. आमचे हे भर व्हरांड्यात त्यांच्या पाया पडायला गेले. मी मात्र कोपऱ्यात जाऊन पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला जिन्यात गाठलं. "धने, शपथ घे. इथनं पुढं फोनवर विंग्रजी बंद! साधं, सरळ, आपल्या मानसाला कळंल आसं मराठी बोलायचं. आन् जरा आयसपैस सांगायचं."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. अक्कल आलीच होती मला.

पुढं सगळं छान झालं. मामा उठून बसले, चालायला लागले, डाळीच्या पाण्यावरून नर्सबाईशी भांडायलाही लागले! मोनिका रोज डोकावून जायची. घरी सोडायचा दिवस आला तेव्हा तिनं औषधं समजावून सांगितली, पुन्हा दाखवायला कधी यायचं ते सांगितलं आणि बजावलं, "ताई, मनाला धक्का बसेल असं काही मात्र होऊ देऊ नका बरं का!"

"आमच्याकडं कसले धक्के?" मी म्हटलं.

हे गाडी ठरवायला गेले. आत्याबाई मामांच्या जवळ होत्या. मी म्हटलं, वाडीला कळवावं, लोक बिचारे काळजीत असतील. आमच्या शेजारी लंकाबाई राहतात, घराची किल्ली त्यांच्याकडंच होती. त्यांना फोन लावला. 'डिस्चार्ज' अगदी ओठांवर आला होता, पण शपथ आठवली. गिळला! आणि स्वच्छ मराठीत, आयसपैस सांगितलं.

"लंकाबाई, मामा सुटले बाई एकदाचे!"

"आँ? कवा?"

"आत्ताच. लई सोसलं हो त्यांनी. पन आता मोकळे झाले."

"आगं बाई गं! आन् रंगुबाई कशी हाय?"

"त्यांच्या डोळ्याचं पानी खळत न्हाई. आमी मामांना घिऊनच निघालोय, दिवस मावळायच्या आत पोचतो. आंगनातला पसारा काढा, गाडी थेट दारात लागली पायजे. आन् चुलीवर पानी तापवून ठिवा, आल्या आल्या त्यांना आंगुळ घालायची हाय."

लंकाबाई फोनवर मुसमुसायला लागल्या. मला वाटलं, आनंदानं. किती जीव आहे लोकांचा!

दिवस मावळायला गाडी वाडीत शिरली. वेशीत चिटपाखरू नव्हतं. दुकान बंद. पिठाची गिरणी बंद. मी मनात म्हटलं, सगळे स्वागताला जमलेत वाटतं!

जमलेच होते. दारात ही गर्दी! बापये डोक्याला उपरणी बांधून खाली माना घालून बसलेले, अंगणात हिरवे बांबू पडलेले आणि चुलीवर पाण्याचा हंडा खदखदत होता. गाडी दिसल्याबरोबर लंकाबाईंनी हंबरडा फोडला आणि त्यांच्यामागं सगळ्या बायांनी सूर लावला. गाडी थांबली आणि ह्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात मागचं दार उघडून मामा खाली उतरले!

बायांचा आवाज एकदम थांबला. एकीचा हुंदका तर अर्ध्यावरच अडकला. कानिफनाथच्या हातात मडकं होतं, ते त्यानं हळूच पाठीमागं लपवलं. मामांनी बांबूंकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आणि गंभीर होऊन डोक्यावरची टोपी काढली.

"अरारारा! कोन गेलं रं?"

बापयांनी डोक्याची उपरणी हळूच सोडायला घेतली.

"आरं सांगा की! चांगला मानूस हुता का?"

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. ताजे टाके, नुकतंच दुरुस्त केलेलं काळीज आणि मनाला धक्का द्यायचा नाही! मी पुढं झाले, मामांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हटलं,

"मामा, ते मागनं सांगते. पानी तापलंय, आदी आंगुळ करून घ्या!"