कंदीलवालीची घाई

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी नेहमीसारखा आडवा झालो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमची लेक अपेक्षा हात पुसत पुसत म्हणाली, "बाबा, नवीन 'कंदीलवाली' पाहिला काल. जुन्यापेक्षा कितीतरी भीतीदायक आहे." आणि मी उठून बसलो.

'कंदीलवाली' हा भुताचा सिनेमा मी शाळेत असताना आला. आमच्या वराळ्याच्या जत्रेत तंबूत बसून, वडिलांच्या मांडीवरून मी तो पाहिला. (मांडीवर बसायचं माझं वय उलटून गेलं होतं. सुरुवातीला मी शेजारीच बसलो होतो.) आता त्याच दिग्दर्शकाने म्हातारपणी तोच सिनेमा पुन्हा काढला होता. गोष्ट तीच, भूत तेच, बाकी सगळं नवीन.

"एकदा नीट झालेल्या कामाला माणसाने पुन्हा हात लावू नये," मी म्हणालो. (मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर असतो. तिथेही मी हेच तत्त्व पाळतो.)

"मग आज दोन्ही लागोपाठ बघू," अपेक्षा म्हणाली. "जो ओरडेल त्याने भांडी घासायची."

आमच्या लोणावळ्याच्या दोन खोल्यांत दुपारी अंधार करायचा म्हणजे खिडक्यांना चादरी लावणं आलं. माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, "धुतलेल्या आहेत, जमिनीवर लोळवू नका," एवढ्या अटीवर त्या दिल्या. माझ्या सासूबाई चिमाबाई गुडघे डॉक्टरांना दाखवायला भाजे गावाहून आल्या होत्या. त्यांनी मागची खुर्ची धरली. "मी बसते हितं. डोळा लागला तर उठवू नगा," म्हणाल्या.

जुना सिनेमा इंटरनेटवर सापडला. चित्र पुसट, आवाज खरखरता. मला मात्र तंबूतल्या पेट्रोमॅक्सचा वास आला. सिनेमा बघता बघता मी अपेक्षाला समजावून सांगत होतो. (अपेक्षा आणि माधवी दोघी 'गप्प बसा' म्हणाल्या, पण माहितगार माणसाला हे ऐकावंच लागतं.)

"आता बघ. भातखाचरं. तिन्हीसांजेची वेळ. बांधावरून ती निघाली बघ. पांढरी साडी, हातात कंदील, पाठमोरी. आणि चाल बघ तिची. जगातली सगळी भुतं सावकाश चालतात, ही घाईत आहे. का? कारण मरणाला थांबायला वेळ नसतो. हा दिग्दर्शकाचा विचार."

"आणि बांधाच्या टोकाला तो माणूस कोण?"

"तेच तर रहस्य. त्याच्या हातात गाठोडं आहे, दिसलं? त्या गाठोड्यात काय आहे, ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. मी लहानपणी कंदीलवालीपेक्षा त्या गाठोड्याला जास्त भ्यायचो."

तेवढ्यात माझ्या खांद्यावर एक थंडगार हात पडला आणि कानाशी आवाज आला, "ती मी हाय."

मी ओरडलो, हे मान्य. पण ओरडून थांबलो असतो तर ठीक होतं. मी उठलो, खिडकीवरून लोंबणाऱ्या चादरीत पाय अडकला, टीपॉयवर आपटलो आणि चिवड्याच्या परातीसकट टीव्हीच्या पायथ्याशी जाऊन पडलो.

"भांडी," अपेक्षा शांतपणे म्हणाली.

माधवीने दिवा लावला. सासूबाई माझ्या जागेमागे उभ्या होत्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आई, काय म्हणालीस?" माधवीने विचारलं.

"ती मी हाय, म्हनलं. आपलं खालचं खाचर हाय ते. भात लावायला, आवणीला गेलते मी. शूटिंगवाले आलते. त्यांची बाई बांधावरनं घसरली, पाय मुरगाळला तिचा. मंग त्यो सायेब मला म्हनला, मावशी, तुमी चाला. साडी नेसवली, कंदील दिला."

"आणि आम्हाला कधी बोलली नाहीस?"

"कशी बोलू? नवरा जित्ता आन् मी पांढरं नेसलेली. माझ्या सासूला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं मला. ह्यांनाच तेवढं ठावं हुतं."

मी जमिनीवरूनच विचारलं, "पण एवढ्या घाईत का चालला होतात? साहेबांनी सांगितलं होतं?"

"सायेब वरडत हुता, हळू चाला म्हनून. कशी हळू चालू? पोरगी रडत हुती. हे तिला घिऊन बांधाला हुबे हुते की."

अपेक्षाने सिनेमा मागे नेला आणि तिथे थांबवला. बांधाच्या टोकाला डोक्यावर पावसाचं इरलं घेतलेला एक तरणा माणूस उभा होता. भिमाजी, माझे सासरे. मी त्यांना पाहिलं ते उतारवयातच, आणि त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला. त्यात ते फोटोग्राफरवर रागावलेले दिसतात. इथे ते हसत होते.

"म्हणजे ते गाठोडं..." माधवी म्हणाली.

"तूच. दूध पाहिजे हुतं तुला."

(म्हणजे लहानपणी ज्या तिघांना घाबरून मी वडिलांच्या मांडीवर चढलो, ते माझे सासू, सासरे आणि बायको होते. पुढे मी त्याच घरात स्वतःच्या पायांनी चालत गेलो.)

माधवी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिने तो प्रसंग किती वेळा बघितला, कोण जाणे. सासूबाई स्वतःला बघतच नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "पाय कसे पळत्यात बघा माझे." आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

चहा झाल्यावर नवा सिनेमा लावला. चित्र स्वच्छ, आवाज असा की कपाटातली भांडी थरथरली. खाचराच्या जागी आता बंगले झालेत, म्हणून शेत कॉम्प्युटरवर केलं होतं. कंदीलवालीही कॉम्प्युटरचीच. धुक्यातून ती संथ तरंगत आली. दिग्दर्शकाने जुनी चूकही दुरुस्त केली होती. बांधाच्या टोकाला आता कुणीच नव्हतं.

"हिला काय घाई न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "वाट बघनारं कोन न्हाई वाटतं हिची."

माधवीने डोळे पुसले. अपेक्षा म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर आहे. जुनाच चांगला."

आमच्या घरात माझं बरोबर असल्याची ही पहिलीच नोंद. ती पक्की करून घ्यावी म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हीच सांगा. दोन्हींत जास्त भीती कशात वाटली?"

त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "सिनेमाचं काय भ्यायचं, जावईबापू? तुमी पडला तवा लय भ्याले. म्हनलं, गेला आता टीव्ही."